गिरणीची वाट आणि नलिनीचा नंदी

नलिनी चकोले गेली तेव्हा ऑफिसच्या शोकसभेत मला बोलायला लावलं. "मॅडम, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या," असं म्हणत कोणीतरी माइक हातात दिला. मी बोलले. निष्ठा, साधेपणा, शहराची सेवा, अशा वेळी जे शब्द चालतात ते सगळे चालवले. त्यातला साधेपणा तर सपशेल खोटा होता. नलिनी साधी-बिधी अजिबात नव्हती. आपण हुशार आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं आणि समोरच्याला ते पटेपर्यंत ती त्याला खुर्चीवरून उठू द्यायची नाही. आणि जवळची म्हणाल, तर आमची टेबलं जवळ होती. बाकी सबंध नोकरीभर मी तिच्यावर जळत होते. आता ती नाही, मीही रिटायर झाले, मग लपवून कोणाला दाखवायचंय? जळत होते, आणि अजून विझलेलं नाही.

आम्ही दोघी नगररचनेतल्या. नागपूरला सदरमधल्या आमच्या ऑफिसात ती माझ्यानंतर दोन महिन्यांनी रुजू झाली. मी धरमपेठेतली, पुण्याहून शिकून आलेली. अक्षर वळणदार, नकाशावर रेघ मारली की साहेब इतरांना बोलावून दाखवायचे. ते सुख मला दोन महिने मिळालं. मग ही आली. मौद्याजवळच्या गावची, बाप शेतकरी, हातात स्टीलचा डबा आणि डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला. आल्या आल्या माझ्या टेबलावरचा नकाशा उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "मस्त काढला वं. पन इथं तं नाला आहे. घरं काय नाल्यात बांधतं का?"

नाला होता. बाईनं येताना बसमधून पाहिला होता. मी तो नकाशा जुन्या नकाशावरून काढला होता आणि त्यात नाला नव्हता. साहेब हसले. त्या दिवसापासून माझं पोट दुखायला लागलं ते दुखायला लागलं.

"आधी चालून पाय, मग काढ," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि ती खरंच चालायची. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही, तेव्हा ही बाई दुपट्टा भिजवून डोक्याला बांधायची आणि जागा बघायला निघायची. परत आली की चेहरा लालबुंद. मग टेबलखुर्ची सोडून सरळ फरशीवर बैठक मारायची, ट्रेसिंग पेपर पसरायची आणि रंगीत पेन्सिलींनी रंगवत बसायची. नखांत कायम हिरवा नाहीतर तांबडा रंग. सगळं ऑफिस कॉम्प्युटरवर गेलं तरी हिची पहिली रेघ ट्रेसिंगवरच. तिच्या कागदावर तेलाचा डाग हमखास असायचा, कारण डबाही ती तिथेच बसून खायची. पाटोडीची भाजी, भिवापुरी मिरचीचा ठेचा, भाकर. एकदा आमचे हे मला न्यायला आले होते. त्यांना तिनं बळेच दोन घास खायला घातले. पुढे कित्येक दिवस आमच्याकडे जेवताना "ती पाटोडी..." अशी सुरुवात व्हायची. मी त्यांना सांगितलं, जा मग तिच्याकडेच जेवायला. ते म्हणाले, चालेल.

आणि तो नंदी. तिच्या टेबलावर एक लाकडी नंदी असायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं दोरीनं ओढत नेतात तसला, चाकं लावलेला, वीतभर उंचीचा. गावच्या सुतारानं तिच्यासाठी घडवलेला. शिंगांचा रंग उडालेला, एक कान तुटका. मला आधी वाटलं, असेल लहानपणची आठवण. पण ही बाई साइटवर जाताना तो पिशवीत घालून न्यायची. नव्या रस्त्याची, नव्या फुटपाथची तपासणी करायची म्हणजे नंदीला दोरी बांधून त्यावरून ओढत न्यायचं. नंदी कलंडला की तिथे ती खडूनं खूण करायची. कंत्राटदार आधी हसायचे. मग कळलं की जिथे नंदी पडतो तिथलं काम बाई पुन्हा करायला लावते. मग तिची रिक्षा दिसली की मजूर आपणच सांगायचे, "बाबू, बैल आया."

मी हिला नाकं मुरडायचे. रस्त्यानं बैल ओढत फिरणारी सरकारी अधिकारी कोणी पाहिली आहे का? पण मग चहाच्या टपरीवर लोक मला विचारायचे, "तुम्ही त्या नंदीवाल्या मॅडमच्या ऑफिसातल्या का?" म्हणजे माझी ओळखसुद्धा तिच्यावरून.

आता गिरणीचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्या शहरात एक कापडगिरणी बंद पडून वर्षं झाली होती. भली मोठी जागा. आत उंच चिमणी, एक विहीर, कडुनिंबाची जुनी झाडं. मागच्या बाजूला कामगारांची वस्ती. गिरणी सुरू असताना वस्तीतले लोक मागच्या भिंतीतल्या एका बोळातून आत शिरायचे आणि सरळ पुढच्या फाटकातून मोठ्या रस्त्याला लागायचे. गिरणी बंद झाली तरी वाट बंद झाली नाही. शाळेची पोरं, भाजीचे ठेले, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे तिथूनच. वळसा घालून जायचं तर केवढा तरी फेरा. आणि तान्ह्या पोळ्याला वस्तीतली सगळी पोरं आपापले नंदी घेऊन त्याच वाटेनं निघायची, कडुनिंबाखाली थांबायची आणि तिथे घरोघरच्या बाया त्यांना बोजारा द्यायच्या. बोजारा म्हणजे नंदीच्या मानाचा खाऊ. जुन्या व्यवस्थापकापासूनची ही रीत होती. त्या दिवशी फाटकं सताड उघडी असायची.

मग जागा विकली गेली आणि तिथे मोठे टॉवर उठणार असं ठरलं. अशा वेळी शहराचा मूळ आराखडा पुरत नाही. मूळ आराखडा एवढंच सांगतो की इथे घरं बांधा, इथे दुकानं. पण एवढी अवाढव्य जागा एकदम मोकळी झाली की त्या आराखड्यावर आणखी एक थर चढवावा लागतो. कोणती झाडं तोडायची नाहीत, वस्तीच्या बाजूला इमारतींची उंची किती कमी ठेवायची, लोकांची वाट कुठून जाणार, ते सगळं त्या थरात. मालक बदलो, बिल्डर बदलो, तो थर जागेला चिकटलेला राहतो. कागदोपत्री त्याला ओव्हरले म्हणतात. नलिनी त्याला दुपट्टा म्हणायची. "ड्रेस तोच राहते वं. दुपट्टा घेतला का बाई चारचौघांत जायच्या लायक होते." साहेबांच्या मीटिंगमध्येसुद्धा ती दुपट्टाच म्हणायची आणि हळूहळू साहेबही म्हणायला लागले. माझा तिळपापड व्हायचा.

गिरणीचा दुपट्टा कोणी काढायचा, हा प्रश्न आला. असं काम सगळ्या नोकरीत एकदाच येतं. मला ते हवं होतं. साधं हवं होतं असं नाही, देवाला नवस बोलण्याइतकं हवं होतं. साहेबांनी दोघींनाही मसुदा करायला सांगितला.

मी जीव ओतला. चिमणीभोवती अर्धगोल चौक, त्याला उतरत्या पायऱ्या, मधे कारंजं, विहिरीवर दगडी छत्री. वस्तीची वाट त्या चौकातून पायऱ्या चढून फाटकाकडे जाणार. प्रिंट काढून भिंतीवर लावला तर सगळं ऑफिस पाहायला आलं. साहेब चष्मा पुसून पुन्हा पाहत होते. नलिनीही आली. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आज हिची बोलती बंद. तिनं पिशवीतून नंदी काढला, खाली फरशीवर माझी दुसरी प्रत पसरली होती तिच्यावर ठेवला आणि पायऱ्यांपर्यंत ओढत नेला.

"हा कुठून चढंन?"

"हे बैलांसाठी नाही," मी म्हटलं.

"बैल सोड. भाजीचा ठेला कुठून चढंन? गुडघे गेलेली बाई कुठून चढंन? तू अन् मी आणखी दहा वर्षांनी कुठून चढू?"

साहेब हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं. तिचा मसुदा मी तेव्हा पाहिला. तेलाचा डाग होताच. चौक नाही, कारंजं नाही. वस्तीच्या बोळापासून फाटकापर्यंत एक वाट, कुठे जरा वाकडी, कारण झाडांना वळसा घालून नेलेली, आणि कुठेही एक पायरी नाही. वाटेच्या कडेला इमारती ठेंगण्या, लांब जाल तशा उंच. बस्स. काम तिला मिळालं. मला त्याची तपासणी मिळाली. तपासणी म्हणजे दुसरीच्या लग्नात अक्षता वाटायच्या.

मग हरकती-सूचनांची सुनावणी झाली. बिल्डरकडचा आर्किटेक्ट आला, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. त्याचं म्हणणं, वाट आतून नको. "मॅडम, सोसायटीच्या सिक्युरिटीचा सवाल आहे. बाहेरचे लोक आतून जातील तर रहिवाशांनी काय करायचं?" वस्तीतले लोक मागच्या खुर्च्यांवर बसले होते. एक म्हातारे उठले, गिरणीत फिटर होते. बोलायला गेले आणि पहिल्याच वाक्याला दोनदा अडखळले. नलिनी त्यांना म्हणाली, "बसा गा बाबा, घाई नाई." मग आर्किटेक्टकडे वळली.

"बाहेरचे कोन? हे लोक गिरणीचा भोंगा वाजत होता तवापासून इथून जाऊन राहिले. बाहेरचे तं तुम्ही. तुमच्यासाठी पन वाट ठेवलीच आहे ना आम्ही."

सगळे हसले, आर्किटेक्टसुद्धा. म्हातारे मग बोलले, चांगले बोलले. वाट राहिली. मी मात्र घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि असं उत्तर मला का सुचत नाही, यावर स्वतःशी भांडले. मला असली उत्तरं सुचतात, पण दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना.

तिचा ओव्हरले अंतिम मंजुरीला जायचा होता. त्याआधी माझी तपासणी. मी ती फाइल घेऊन बसले ती चूक शोधायलाच बसले. आठवडाभर एकेक रेघ मी अशी पाहिली की स्वतःच्या लेकीचं स्थळसुद्धा तसं पाहिलं नसेल. आणि सापडली!

ओव्हरले मूळ नकाशावर बसवायचा तर दोन पक्क्या खुणा जुळवाव्या लागतात. तिनं धरल्या होत्या चिमणी आणि फाटकाचा खांब. चिमणी ठीक होती. पण मधल्या काळात रस्ता रुंद करताना तो खांब पाडून आत सरकवून तसाच्या तसा पुन्हा बांधला होता. नव्या मोजणीत नवा खांब होता, गिरणीच्या जुन्या नकाशावरून काढलेल्या नलिनीच्या ट्रेसिंगवर जुना. दिसायला दोन्ही एकच. तिनं एकावर दुसरा बसवला आणि सगळा थर जरासा फिरला. त्यामुळे वस्तीकडच्या टोकाला वाट बोळावर येतच नव्हती. शेजारच्या भिंतीवर येऊन संपत होती. असाच मंजूर झाला असता तर बिल्डरनं हात वर केले असते. नकाशात वाट भिंतीपर्यंत आहे, आम्ही भिंतीपर्यंत देतो. मग वस्तीनं बसावं भिंतीवर डोकं आपटत.

चालून पाहणाऱ्या बाईला हे कळलं नाही. ती नंदी घेऊन त्या वाटेनं इतक्यांदा गेली होती की कागदावर वाट बोळातच उघडते हे ती धरूनच चालली होती. मी मात्र तिथे फार गेलेच नव्हते. मी फक्त कागद पाहत होते, म्हणून मला दिसलं.

मला काय आनंद झाला सांगू! दिवाळी झाली माझी. आणि गप्प बसून मजा पाहावी असं मनात आलं का? नाही आलं. मी काही फार थोर आहे म्हणून नव्हे. गप्प बसले असते तर चूक मी पकडली हे कोणाला कळलं असतं? मी बरोब्बर मुहूर्त साधला. साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग, सगळे हजर, नलिनी समोर. मी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर उजेडात धरले आणि म्हटलं, "चकोले मॅडमची वाट भिंतीत जाते."

नलिनी उठली, काचेजवळ आली. बोटानं खांब पाहिला, चिमणी पाहिली, मग बोळ. तिचा चेहरा उतरला. तो उतरलेला मी डोळे भरून पाहिला. पण क्षणभरच. मग ती खाली खुर्चीवर बसली आणि लांब श्वास सोडून म्हणाली, "वाचलो वं बाई."

मग साहेबांना म्हणाली, "म्हनूनच तं मी तुमाले म्हटलं होतं साहेब, तपासनी माधुरीलेच द्या. दुसरी कोनी असती तं माझ्या तोंडाकडे पाहून सही करून मोकळी झाली असती. हिले माझं कुसळ बी दिसते."

म्हणजे तपासणी माझ्याकडे आली ती हिनं मागून घेतली म्हणून. म्हणजे मी जळते हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि ते तिनं कामाला लावलं होतं. जसा ठेचा भाकरीला लावतात तसं. साहेब म्हणाले, वा, अशी टीम पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी वाजवल्या कोण जाणे. मी कागद गुंडाळले आणि बाहेर येऊन थंड पाणी प्यायले.

बाहेर ती माझ्यामागून आली. मी म्हटलं, "काहून केलंस असं?"

"काय केलं?"

"माझा राग आहे तुझ्यावर हे माहीत असून..."

"राग आहे म्हनूनच. प्रेमानं पाहनारे लय आहेत मले. त्यायले काई दिसत नाई."

त्यावर मला अजूनही उत्तर सापडलेलं नाही, आंघोळीतसुद्धा नाही.

ओव्हरले दुरुस्त झाला, मंजूर झाला. पेपरात तिचा फोटो आला, हातात नंदी. माझं नाव खाली कुठेतरी "यांच्या सहकार्याने" असं. टॉवर उठले. ती रिटायर झाली, मग मी. मध्यंतरी कळलं की तिची तब्येत बरी नाही. भेटायला जाऊ जाऊ म्हणत गेले नाही. काय बोलणार होते?

गेल्या तान्ह्या पोळ्याला तिचा फोन आला. "गिरनीवर ये वं. वाट पाय तं खरी." फोनवर आवाज बारीक झाला होता. गेले.

वाट झाली होती. टॉवरच्या मधून, कडुनिंबाच्या सावलीतून, जिथं तिनं काढली होती तिथूनच. वस्तीतली पोरं नंदी सजवून आली होती आणि टॉवरमधली पोरंही, त्यांचे नंदी ऑनलाइन मागवलेले, चकचकीत. कलकलाट चालला होता. नलिनी कडुनिंबाच्या पारावर बसली होती. ओळखू आली नाही पटकन. साडी अंगावर नुसती टांगल्यासारखी. पायाशी तो तुटक्या कानाचा नंदी, शिंगांना झेंडूचं एकेक फूल.

मी शेजारी बसले. म्हटलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "तू कशी दिसून राहिली मस्त. अजून साडीले पिन लावतं का इस्त्री करून?" मी म्हटलं, हो. तिनं दोरी माझ्या हातात दिली.

"हे काय?"

"बोळापासून फाटकापर्यंत ने. माझ्यानं आता एवढं चालनं होत नाई."

"नलू, मी काय लहान आहे? लोक काय म्हणतील?"

"तपासनी तुझीच होती ना? सही तुझी आहे. मग ने."

ती मला आयुष्यभर कामाला लावत आली होती, त्या दिवशीही लावलं. मी साठी उलटलेली बाई, सिल्कची साडी नेसून बोळापासून लाकडी बैल ओढत निघाले. पोरं माझ्या मागे लागली. "आजी, तुमचा नंदी म्हातारा आहे," एक जण म्हणाला. आणि चालताना माझं सगळं लक्ष त्या नंदीच्या चाकांवर. मनात एकच. एकदा कलंडू दे. एकदाच. गटाराच्या झाकणावर कलंडू दे, झाडाच्या मुळापाशी कलंडू दे, निदान फाटकाच्या उंबऱ्यावर तरी. मग मी वळून तिला सांगेन, पाहिलंस? इथे चुकलीस. मुळापाशी तो हलला. मी थांबले. पण हलून पुन्हा सरळ झाला आणि चालायला लागला.

फाटकापर्यंत गेले. कलंडला नाही. वस्तीतल्या एका बाईनं मला मुलांच्या रांगेतलीच समजून पेढ्याचा पुडा हातावर ठेवला. "घ्या, बोजारा." मी घेतला.

वळून पाहिलं. दूर, पाराजवळ, नलिनी झाडाला धरून उभी राहिली होती. डोळ्यांवर हाताची सावली धरून इकडेच बघत होती. तिनं हात उचलला आणि तळवा उलटा करून हवेतच विचारलं, पडला का?

मी मान हलवली. नाही.

ती खाली बसली. मधे पोरांची गर्दी आली आणि मग ती मला दिसली नाही. गर्दी सरली तेव्हा तिचा मुलगा तिला गाडीत बसवून घेऊन गेला होता. ते शेवटचं.

नंदी माझ्याकडेच राहिला. परत द्यायला जाणार होते, त्याआधीच फोन आला. दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवलाय. आमचे हे म्हणतात, तोंड भिंतीकडे काहून केलंय त्याचं? मी सांगितलं, राहू दे. सरळ ठेवला की माझ्याकडे असा बघत बसतो की मला कुठेही चुकलेलं चालत नाही. आता माझी चूक शोधणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.